आर्द्रेपाशी अडलेली उत्कर्षा

आमच्या शेजारच्या उत्कर्षाला रिकामी जागा बघवत नाही. लग्नाच्या पंगतीतली नव्हे, ती माझ्याकडं लागली. हिला कागदावरची रिकामी जागा बघवत नाही. B, E, H, K आणि पुढं प्रश्नचिन्ह, असं कुठं छापलेलं दिसलं की बाई ओढणीला हात पुसून पेन शोधायला लागते. मग गॅसवर दूध असो नाहीतर दारात कुरिअरवाला.

सोलापुरात शुक्रवार पेठेत आमची दारं एकमेकांना लागून. मध्ये एक भिंत, पुढं एक ओटा. भिंतीतून ऐकू येतं, ओट्यावरून दिसतं, तेव्हा मी जे सांगतेय त्याला पुरावा मागू नका.

उत्कर्षा मूळची कानडी सीमेवरच्या दुधनीची. वडील गंगाधरअण्णा तिथल्या एका देवळाचे पुजारी आणि गावचे जोशी. इकडं नवरा आशिष, एका कॉलेजात लॅब असिस्टंट, बोलतो कमी आणि हसतो मिशीतल्या मिशीत. सासू शकुंतलाबाई शाळेतून निवृत्त झाल्यात, स्वभावानं अजून नोकरीत आहेत. आणि उत्कर्षा स्वतः एका सरकारी ऑफिसात कंत्राटी लिपिक. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग थोडे दिवस घरी, मग पुन्हा अकरा महिन्यांची ऑर्डर. कायम झालेली नवी पोरं येतात, ही त्यांना आवक-जावक कशी लिहायची ते शिकवते, आणि पुढच्या महिन्यापासून तीच पोरं हिच्या हजेरीवर सही करतात. हे ती हसत सांगते. हसत सांगते म्हणूनच कळतं, की लागतंय.

कायम व्हायचं तर लेखी परीक्षा पास व्हायला हवी. ती तिनं बऱ्याचदा दिली आणि दरवेळी थोडक्यात हुकली. गेल्या वर्षीची शेवटची होती. पुढची जाहिरात निघेपर्यंत तिचं वय मर्यादेच्या पलीकडं जाणार होतं. पास झाली तर कायमची, नाहीतर म्हातारी होईपर्यंत अकरा-अकरा महिने. इतकं सरळ होतं ते.

मराठी, गणित, सामान्य ज्ञान तिचं पक्कं. गाडी अडायची ती बुद्धिमत्तेच्या भागात, आणि त्यातही अक्षरमालिकेत. अडायची म्हणजे तिला ते येत नव्हतं असं समजू नका. लई येत होतं. तीच पंचाईत होती.

मला तिनंच शिकवलं की. ओट्यावर मी गवार मोडत बसले होते आणि ती पुस्तक घेऊन.

"बघा काकू. B नंतर C, D सोडले, E आला. E नंतर F, G सोडले, H आला."

"म्हणजे दोन घरं सोडून तिसरं. वर्गणीवाले असंच करतात, माझं घर बरोबर सापडतं त्यांना."

"मग K नंतर कोण?"

मी बोटांवर मोजलं. "L, M सोडले. N."

"आलं की तुम्हाला. आता हे बघा. A, M, C, N, E, O, पुढं?"

"यात काही मेळ नाही. मध्येच पुढं पळतंय, मध्येच मागं."

"कारण ही एक रांग नाहीच. दोन रांगा एकमेकींत मिसळल्यात. एक सोडून एक वाचा. A, C, E. आणि दुसरी M, N, O. म्हणजे आता पहिल्या रांगेतला G."

"हां. म्हणजे तुझ्या सासूबाईंचं बोलणं. एक वाक्य तुला, एक मला, आणि दोघींना वाटतं सगळं आपल्यालाच."

"ऐकू येतंय मला," आतून शकुंतलाबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून मला सगळीकडं मालिका दिसायला लागल्या. सोलापूरकराला तशी सवय असतेच. नळाला पाणी चार दिवसांनी, मग पाच, मग चार, मग सहा, पुढचा दिवस ओळखा. आणि ओळखून पिंपं रिकामी केली की पाणी येत नाही. मी आपली माझ्या नणंदेच्या भेटींवर प्रयोग केला. दिवाळीनंतर तीन महिन्यांनी आली होती, मग दोन, मग एक. पुढचं पद काढलं आणि बॅग भरून माहेरी निघून गेले.

रविवारी सकाळी आशिष तिची सराव परीक्षा घ्यायचा. मोबाइलवर वेळ लावून समोर ठेवायचा. मी चहा घेऊन पर्यवेक्षक. सुरुवात दणक्यात व्हायची. टकाटक गोल काळे व्हायचे. मग यायची एखादी अवघड अक्षरमालिका आणि उत्कर्षाचं पेन थांबायचं.

"सोड की ती. पुढं जा," मी म्हणायची.

"एक मिनिट काकू, निघतंय."

"मघापासून हेच मिनिट चाललंय," आशिष म्हणायचा.

"निघतंय म्हटलं ना."

आणि निघायचं. दहातल्या नऊ वेळा निघायचं. चेहरा असा उजळायचा की मला वाटावं, हिला नोकरी नको, हेच द्या. पण तोवर वेळ संपत आलेला असायचा, पुढचे सोपे प्रश्न तसेच राहिलेले. मग घाईघाईनं भराभर गोल काळे. चुकीच्या उत्तराला गुण कापतात, तिकडं सगळं जायचं. एका अक्षरापायी पंधरा प्रश्नांचं वाटोळं.

शेवटी एकदा मी तिला धरलंच. "तुझा त्या अक्षरांशी काही नवस आहे का गं? एक सोडलं तर काय बिघडतं?"

तिनं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "काकू, आमच्या घरी अक्षर मागायला आलेला माणूस कधी तसाच परत गेला नाही."

तेव्हा कळलं सगळं. दुधनीत कुणाच्या घरी बाळ झालं की माणूस आधी गंगाधरअण्णांच्या ओसरीवर. जन्मवेळ सांगायची, अण्णा पंचांग बघून नक्षत्र आणि त्याच्या चार चरणांतला नेमका चरण काढणार आणि नावाचं पहिलं अक्षर देणार. वेळ धड माहीत नसली तरी अण्णा सोडायचे नाहीत. म्हशीची धार काढून झाली होती का, वाडीकडची पॅसेंजर गेली होती का, असं विचारत विचारत वेळेपाशी पोचायचे. ही पोर दाराआड उभी राहून ते बघत वाढली. अक्षर मागणारा समोर आला की त्याला अक्षर द्यायचंच, नाही दिलं तर अशुभ, हे तिच्या मनात कुणी न शिकवता जाऊन बसलेलं. परीक्षेतल्या प्रश्नचिन्हात तिला ओसरीवर आलेला कुणा बाळाचा बाप दिसायचा, टोपी हातात घेऊन उभा.

आता इतकं ऐकल्यावर चांगली शेजारीण गहिवरली असती. माझ्या डोक्यात खोडी आली.

दुसऱ्या दिवशी मंडईतून आले ती पिशवी घेऊन ओट्यावरच बसले. एकेक भाजी काढली आणि तिच्या नावाचं इंग्रजीतलं पहिलं अक्षर कागदावर मांडलं. वांगी, मेथी, कोथिंबीर, गवार, भेंडी, टोमॅटो. V, M, K, G, B, T आणि पुढं झोकदार प्रश्नचिन्ह. कागद उत्कर्षाला दिला. "माझ्या भाच्याला आलं होतं म्हणे परीक्षेत. कुणालाच सुटलं नाही."

तो सुट्टीचा दिवस होता. दुपारी भिंतीतून वरण करपल्याचा वास आला. पाठोपाठ शकुंतलाबाईंचा आवाज, "आमच्या सुनेला डाळीचं उत्तर काढता येत नाही, बाकी सगळं येतं." संध्याकाळी उत्कर्षा कागद नाचवत आली.

"सुटलं काकू. V बाविसावं अक्षर, तिथून M नऊ घरं खाली, K दोन, G चार, B पाच. बेरीज करा, वीस घरं उतरलो. आणि विसावं अक्षर कुठलं? T. म्हणजे एक फेरा पूर्ण. आता T पासून पुन्हा नऊ घरं खाली यायचं. उत्तर K."

मी तोंडाला पदर लावला, तरी हसू फुटलंच. आशिष बाहेरून येत होता, त्यालाही थांबवून सांगितलं. "अरे, पिशवीत टोमॅटोनंतर दोडका होता."

आशिष मिशीतल्या मिशीत हसला. उत्कर्षा हसली नाही. कागदाकडं बघत राहिली, मग घडी करून आत गेली. रविवारी मोबाइल लावायला आशिष बसला तर ही धुणं घेऊन गच्चीवर. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. हॉल तिकीट आलं ते फ्रीजवर तसंच पडून.

मी गच्चीवर गाठलं. "रुसलीस का? दोडका आणून देऊ?"

"रुसले नाही काकू. घाबरले." तिनं चादर झटकली. "भाजीच्या पिशवीत मला नियम सापडला. खरा वाटेल असा सापडला. मग हॉलमध्ये सापडेल तो खरा कशावरून? आजवर जे जे उत्तर देऊन आले, त्यातले दोडके किती?"

मी खाली आले ती संध्याकाळी ओट्यावरही बसले नाही. शकुंतलाबाईंनी मला बरं नाही का म्हणून विचारलं.

त्याच आठवड्यात अण्णा डोळे दाखवायला सोलापूरला आले. सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी, म्हणून मीही तिकडंच जेवायला. जेवणं झाल्यावर अण्णांनी विचारलं, "काय गं बाय, परीक्षा कवा हाय?"

"जाणार नाही मी," उत्कर्षा म्हणाली.

कुणी तोंड उघडायच्या आत मीच सगळं सांगून टाकलं, पिशवीसकट. अण्णा इतके हसले की औषध घातलेले डोळे पुसायची वेळ आली. "दोडका व्हय," असं पुन्हा पुन्हा म्हणत होते.

"हसू नका अण्णा. तुमच्याच घरची सवय आहे ही. अक्षर मागायला आलेल्याला परत पाठवायचं नाही."

"आसं मी कवा म्हणलो?"

"म्हणायला कशाला पाहिजे? बघितलंय की मी. एवढी माणसं यायची, कोण तसंच गेलं?"

अण्णांनी डोळे मिटून पाठ भिंतीला टेकली. "आर्द्रा म्हण बघू."

लहानपणी दिवेलागणीला शुभंकरोतीच्या मागोमाग तिला नक्षत्रांची अक्षरं म्हणावी लागायची. न अडखळता म्हणाली, "कू, घ, ङ, छ."

"आता तिसऱ्या चरणावर पोरगं झालं. अक्षर आलं ङ. सांग, नाव काय ठेवतीस?"

मी म्हणून बघितलं, "ङंगाधर." शकुंतलाबाईंनी माझ्याकडं मागच्या बाकावरच्या पोराकडं बघावं तसं बघितलं.

"तर मग," अण्णा म्हणाले, "दुधनीत त्या चरणावर लेकरं जन्मत न्हाईत व्हय? लई जन्मली. त्यांच्या आईबापाला मी काय दिलो आसंल?"

"पुढचं. छ."

"छ वर तरी कुटं ढीग पडलाय नावांचा? काय बी दिलो न्हाई. म्हणलो, हितं माझ्याजवळ अक्षर न्हाई. तुमाला आवडंल ते ठिवा. पेढं तेवढं आणून द्या."

"म्हणजे आपल्या दारातनं माणसं अक्षर न घेता गेली?"

"गेली की. हसत गेली. बारशाला मला बोलवून जेवू घातली."

उत्कर्षानं सासूकडं बघितलं, आशिषकडं बघितलं, जणू इतकी वर्षं हे सगळ्यांना माहीत होतं आणि तिलाच कुणी सांगितलं नव्हतं. मग एकदम पुढं सरकली. "पण अण्णा, तिथं नियम मोडतो, हे तुमच्या कधी लक्षात आलं?"

"कसला नियम गं?" मी विचारलं.

"बघा काकू. वा, वी, वू, वे, वो. का, की, कू, के, को. प्रत्येक अक्षराला पाच स्वर, पाच जणांचं कुटुंब आहे ते. पण नक्षत्रात जागा चारच. म्हणून कुटुंब फुटतं आणि उरलेले पुढच्या नक्षत्रात जाऊन बसतात. रोहिणीत ओ, वा, वी, वू. मृगात वे, वो आणि मग का, की. बहुतेक मालिका अशीच जाते. म्हणजे आर्द्रेत यायला हवं कू, के, को. येतंय काय? कू आणि एकदम घ, ङ, छ. हे तिघं कुठून घुसले?"

मी आजवर तीन बारशी केली, नातवाचं चौथं. ती अक्षरं अशी पाचाची चारात कापलेली आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

"मी बी इचारलो हुतो माझ्या बापाला," अण्णा म्हणाले. "तुझ्याएवढा पण नव्हतो. हट्टच धरून बसलो, ह्या तिघांचं सांगा, मग फुडलं म्हणतो. म्हातारा म्हणला, होगली बिडु."

कानडीत ते. जाऊ दे, सोड, असा अर्थ. आमच्या इकडं एवढं कानडी मांजरालाही येतं.

"म्हणला, होगली बिडु, पुनर्वसूत जा. तितं के उभा हाय तुझी वाट बघत."

"के, को, हा, ही," उत्कर्षा हळूच म्हणाली.

"मग? हाय का न्हाई? ह्या तिघांपाशी बसून ऱ्हायलो असतो तर फुडली सगळी नक्षत्रं आडून बसली असती. आणि खोटं कशाला बोलू, त्या तिघांचं मला आजून ठावं न्हाई. आसंल काय तरी. पोट भरलं की त्याच्यावाचून."

बोलून अण्णा डोळ्यांवर रुमाल टाकून आडवे झाले. त्यांच्या लेखी विषय संपला होता. उत्कर्षानं फ्रीजवरचं हॉल तिकीट काढून पुस्तकात ठेवलं.

पण ऐकणं वेगळं आणि हाताला वळण लागणं वेगळं. रविवारी पेन पुन्हा थांबलंच. तेव्हा मी तिची वेगळी तालीम सुरू केली. रोज संध्याकाळी ओट्यावर यायचं, गल्लीतली एक बातमी अर्ध्यापर्यंत सांगायची आणि उठायचं. "कोपऱ्यावरच्या सोनालीचं कळलं का? परवा ती बँकेतून येताना तिच्याबरोबर... जाऊ दे." पहिल्या दिवशी उत्कर्षा माझ्या मागोमाग स्वयंपाकघरापर्यंत आली. दुसऱ्या दिवशी आशिषला माझ्याकडं पाठवलं. नंतर नंतर नुसती चुळबुळ करायची. आणि एके दिवशी माझी बातमी अगदी रंगात आलेली असताना मी "जाऊ दे" म्हटलं, तर ही शांतपणे म्हणाली, "बरं." आणि पुस्तक उघडलं. माझा जीव कासावीस झाला. उरलेली बातमी शेवटी शकुंतलाबाईंना सांगावी लागली.

सरावाच्या कागदावर आता गोल रिकामे राहायला लागले. आधी एक, तोही टोचून टोचून. मग दोन. अक्षरमालिका दोनदा वाचायची, नियम दिसला तर ठीक, ओढूनताणून बसवावा लागला तर दोडका म्हणायचं आणि पुढं. हा शब्द त्यांच्या घरात रुळला तो माझ्यामुळं, याची कुणी नोंद घेतली नाही.

परीक्षेचं केंद्र गावाबाहेरच्या एका कॉलेजात. आशिषला रजा होती, तरी मी गेलेच. फाटकाबाहेर कडुनिंबाखाली आम्ही बसलो. आशिषनं एकच पान तीनदा वाचलेलं वर्तमानपत्र चौथ्यांदा उघडलं. आजूबाजूला आईबाप होते, नवरे होते, कडेवर लेकरं घेतलेल्या सासवा होत्या. मी निम्म्यांची माहिती काढली.

सुटल्यावर उत्कर्षा गर्दीतून आली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"किती राहिले?" आशिषनं विचारलं.

"दोन."

"वेळ पुरला नाही?"

"वेळ उरला. राहिले नाहीत ते, सोडले." ती बाटलीतलं पाणी घटाघटा प्यायली. "दोन्ही अक्षरमालिका. एकीत तर नियम सापडला होता, पण काकू, भाजीचा वास येत होता त्याला."

रिक्षात बसलो. सात रस्त्याच्या चौकापर्यंत ती बाहेर बघत होती. मग एकदम कपाळावर हात मारून घेतला.

"काय गं, काय विसरलीस?"

"दुसऱ्या मालिकेचं उत्तर आत्ता सुचलं." आणि ती हसायला लागली. आशिषनं घाबरून तिच्याकडं बघितलं, पण ती खरंच हसत होती. "सोपं होतं हो. उलटीकडून वाचायचं होतं."

"मग वाईट वाटतंय का?" मी विचारलं.

"वाटतंय की. पण त्याच्यापुढचे सगळे सोडवून आलेय."

निकालाला बरेच महिने लागले. मधल्या काळात तिची अकरा महिन्यांची ऑर्डर संपली, थोडे दिवस घरी बसली, पुन्हा नवी ऑर्डर आली, आणखी एका कायम झालेल्या पोराला तिनं आवक-जावक शिकवलं. निकाल लागला तेव्हा यादीत तिचं नाव होतं, तळाशी, पण रेघेच्या वर. शकुंतलाबाईंनी चष्मा लावून मोबाइलवर स्वतः तपासलं आणि म्हणाल्या, "अक्षर बारीक आहे, पण आहे." मग देवापुढं साखर ठेवून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मी भिंतीला कान लावला होता, पण ते काय ऐकलं ते नाही सांगत.

नेमणूक मिळाली करमाळा तालुक्यात. रेल्वेनं केमला उतरायचं आणि तिथून पुढं. सकाळी अंधारात निघायचं, परत यायला दिवेलागण. मी म्हटलं, "एवढ्या लांब? जवळचं मागून घे की."

"पहिल्यांदा हजर तर होऊ द्या," ती म्हणाली.

पहिल्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. शकुंतलाबाईंनी तो ओट्यावर आणून मोठ्या आवाजावर टाकला, म्हणजे मला भिंतीला कान लावायला नको.

"टेबल मिळालं. खुर्ची मिळाली. खुर्चीचा एक पाय आखूड आहे, डुगडुगतेय."

"बदलून माग," मी म्हटलं.

"पहिल्याच दिवशी तक्रार करू नकोस," शकुंतलाबाई म्हणाल्या.

"बदलत नाही. पुठ्ठा दुमडून घातलाय खाली. निवृत्त होईपर्यंत बसायचंय की आता हिच्यावर."

तिच्या मागून कुणा बाईचा आवाज आला, "मॅडम, अर्ज तुमच्याकडंच द्यायचा न्हवं?"

"आणा इकडं," उत्कर्षा म्हणाली, आणि आम्हाला ठेवते म्हणायचंही विसरून फोन बंद केला.